बेडसे फाट्याची जुळलेली बेरीज

१

बुधवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी रखमाजी नावाचा म्हातारा शेतकरी बैलांना पाण्यावर घेऊन निघाला होता. बेडसे गावाच्या रस्त्यावर एका वळणाशी मोरी आहे. त्या मोरीत त्याला एक माणूस पालथा पडलेला दिसला. वर रस्त्याच्या कडेला एक प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. रखमाजी खाली उतरला, त्याने हात लावून पाहिलं. माणूस मेला होता.

मेलेल्याचं नाव उमर. वय सव्वीस. त्या सकाळी आठपासून त्या खुर्चीत बसून समोरून जाणारी प्रत्येक गाडी मोजायची, एवढंच त्याचं काम होतं.

परवीन त्याची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात तिने ओळख पटवली, दाखवलेल्या जागी सही केली, खाली तारीख घातली, आणि ती बरोबर आहे की नाही हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाहून घेतलं. ती रडली नाही. कुसगावच्या घरात बायका जमल्या, कुणी तिला छातीशी धरलं, कुणी म्हणालं, ‘‘रड बाई, मोकळी हो.’’ परवीन मान हलवायची. अम्मीला दोन वेळा घास भरवायची, भांडी घासून पालथी घालायची. जेवणाला चव नव्हती आणि चव नाही याचं काही वाटतही नव्हतं.

नवव्या दिवशी ती कामावर गेली. तिची कचेरी लोणावळ्यात, बाजारपेठेच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. मावळातल्या रस्त्यांची पाहणी करायचं काम त्या कचेरीकडे आलेलं होतं आणि उमर त्याच पाहणीत मोजणीला बसला होता. परवीनने सांगितलं म्हणून.

टेबलावर सुपरवायझर निलेशने कागदांचा गठ्ठा ठेवलेला होता. त्यात सगळ्यात वर चार नंबरच्या पॉइंटचा कागद. उमरचा.

‘‘घाई नाही, परवीन,’’ निलेश म्हणाला. चाळिशीचा, मऊ आवाजाचा माणूस. उमरच्या जनाज्याला त्याने खांदा दिला होता. ‘‘आणि एक सांगायचं होतं. पोलिसांनी माणूस धरलाय. पवन म्हणून आहे, पिकअपवर पाण्याचे जार पोचवतो. पुढचा दिवा फुटलेला सापडला. उमरची शेवटची ओळ साडेअकरा ते पावणेबाराची आहे, आणि हा तिथून अकरा-चाळीसला गेल्याचं स्वतःच कबूल करतो.’’

‘‘बरं,’’ परवीन म्हणाली.

ती खुर्चीत बसली आणि तिने आकडे भरायला घेतले. तासाभराने तिचा हात थांबला. चार नंबरच्या कागदात सव्वादहानंतर एकही चूक नव्हती.

२

परवीनचं काम थोडक्यात असं. लोक कुठून निघतात आणि कुठे जातात हे रस्ता सांगत नाही. तो फक्त सांगतो, इतक्या गाड्या गेल्या. नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यांत किती जण जातात, कुसगावच्या हॉटेलांत किती उतरतात, बेडशाला किती वळतात, हे त्या मोजणीवरून उलटं ओळखून काढायचं. सगळ्या मावळाचे बारा भाग पाडलेले, आणि प्रत्येक भागातून प्रत्येक भागात किती गाड्या, याचा एक तक्ता भरायचा. नवा रस्ता कुठून जाणार, कुणाच्या शेतातून जाणार, हे पुढे त्या तक्त्यावर ठरणार होतं.

बेडसे फाट्याभोवती तीन पॉइंट होते. तीन नंबर कामशेतच्या बाजूला, तिथे सारिका बसायची. पाच नंबर पवनानगरच्या बाजूला, तिथे ओंकार. आणि फाट्यावरून गावात जाणाऱ्या रस्त्यावर चार नंबर, उमर.

आता, तिठ्यावर जेवढ्या गाड्या आल्या तेवढ्या बाहेर पडल्या पाहिजेत. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात बेरीज कधी जुळत नाही. मोजणारा शिंकतो, बसमागून गेलेली मोटारसायकल दिसत नाही, कुणी चहाला थांबतो आणि पुढच्या पंधरा मिनिटांत मोजला जातो. दोन-तीनचा फरक असायचाच. अकरा वर्षांत परवीनने फरकाशिवायचा तिठा पाहिलेला नव्हता.

उमरच्या कागदावर दर पंधरा मिनिटांची एक ओळ होती. सव्वादहापर्यंतच्या ओळींत फरक होता, कुठे दोनचा, कुठे चारचा. सव्वादहानंतर फरक नव्हता. सहा ओळी, गाड्यांचे सहा प्रकार, छत्तीस चौकटी. छत्तीसही चौकटींत येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्या तंतोतंत सारख्या.

तिने पुन्हा मोजलं. मग खिडकीबाहेर पाहत थोडा वेळ बसली. खाली चिक्कीच्या दुकानासमोर पर्यटकांची बस उभी होती.

ती बेरीज नुसती जुळायला अवघड होती असं नव्हतं. ती जुळायलाच नको होती. आराखड्यात चार नंबरचा पॉइंट फाट्याच्या तोंडाशी होता. पण मंगळवारी संध्याकाळी जेवताना परवीनच उमरला म्हणाली होती, ‘‘खुर्ची आत ने. किलोमीटरभर आत. तोंडाशी पोल्ट्री आहे, तिच्या गाड्या बेडशाच्या हिशोबात नकोत मला.’’

‘‘वर सावली तरी आहे का, आपा?’’ त्याने विचारलं होतं.

‘‘बघून घे,’’ ती म्हणाली होती.

म्हणजे फाट्यावर वळून पोल्ट्रीतच थांबणारी गाडी उमरच्या कागदावर येणार नव्हती. फरक पडायलाच हवा होता. तो नव्हता, याचा अर्थ सव्वादहानंतरचे आकडे रस्त्यावर बसून लिहिलेलेच नव्हते.

तिने ठाण्यात फोन लावला आणि हवालदार भिमाजींना विचारलं, ‘‘उमरचा कागद तुम्हाला कुठे सापडला होता?’’

‘‘आमाला न्हाई सापडला,’’ भिमाजी म्हणाले. ‘‘पंचनाम्यात कागद न्हाईच. तो संध्याकाळी तुमच्या हापिसातनं आला. आमी झेरॉक्स ठिवली आन परत दिला.’’

३

भिमाजी निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटारसायकलवर फाट्याला आले. परवीन कामशेतहून रिक्षाने आली. फेब्रुवारीचं ऊन कोवळं होतं.

‘‘डॉक्टर काय म्हणाले वेळेचं?’’ तिने विचारलं.

‘‘सापडायच्या आदी तासभर, दोन तास. त्याच्यापुडं न्हाई सांगता येत म्हणाले.’’

‘‘मग पावणेबारा कशावरून धरलं?’’

‘‘कागदावरनं. पावणेबारापतुर पोरगं रेघा ओढतंय म्हंजे जित्तं हाय.’’

‘‘रेघेला अक्षर नसतं, भिमाजी भाऊ. चार उभ्या, एक आडवी. कुणीही ओढू शकतं.’’

भिमाजींनी तिला मागे बसवून मोटारसायकल मोरीकडे घेतली.

रखमाजी मोरीपलीकडच्या शेतात ज्वारीला राखण बसला होता. त्याच्याबद्दल कचेरीत बोलणं झालंच होतं. बुधवारी सकाळी तो उमरवर ओरडल्याचं दोघांनी ऐकलेलं. त्याने ते लपवलं नाही.

‘‘व्हय, बोललो,’’ तो म्हणाला. ‘‘ह्ये मोजत्यात आन मग रस्ता रुंद हुतो, आन माजा बांध जातो. म्हनलं, ऊठ हितनं. त्यो म्हनला, आबा, मी नुस्त्या गाड्या मोजतो, तुमचा बैल मोजला तर सांगा. मला हसू आलं. मग घरनं च्या आनून दिला.’’

‘‘किती वाजता, आबा?’’

‘‘घड्याळ न्हाई माज्यापाशी. साळंची पोरं गेल्यावर लय येळानं. कप न्यायला परत आलो तवा खुर्ची रिकामी. कप तितंच. म्हनलं, गेला आसंल कुटं आडोशाला.’’

‘‘तेव्हा बघितलं नाहीत खाली?’’

‘‘न्हाई.’’ त्याने पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलं. ‘‘कप घिऊन गेलो. घरी जाऊन रेडिव लावला तर अकराच्या बातम्या लागल्या.’’

भिमाजींनी वही काढली. अकराला, रखमाजीच्या म्हणण्याप्रमाणे, खुर्ची रिकामी होती. कागद म्हणत होता, अकरा ते सव्वाअकरा या वेळात उमरने तीन टेम्पो आत जाताना मोजले.

‘‘म्हातारं खोटं बोलत आसंल,’’ भिमाजी हळूच म्हणाले.

‘‘असेल,’’ परवीन म्हणाली. ‘‘कागद तरी खरं बोलतोय का बघू. ते तीन टेम्पो शोधू.’’

४

पोल्ट्रीचं फाटक फाट्यापासून दोनशे पावलांवर, निलगिरीच्या रांगेमागे. माहीत नसेल तर दिसायचंही नाही. फाटकावर अंबूबाई नावाची बाई बसायची. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकांवर औषध फवारायची, नंबर आणि वेळ वहीत लिहायची. कोंबड्यांना रोग लागू नये म्हणून मालकाची शिस्त फार कडक होती.

‘‘बुधवारी टेम्पो आले होते का, मावशी?’’

अंबूबाईने थुंकी लावून पानं उलटली. ‘‘आलते की. खाद्याचे तीन. अकरा वाजून सात, अकरा वाजून आठ, अकरा वाजून दहा.’’

‘‘परत कधी गेले?’’

‘‘उतरवायला लय येळ लागला. दीड वाजलाय बगा हितं.’’

परवीनने वहीचा फोटो काढला. फोटो स्वच्छ आला.

मग तिने भिमाजींना तिथेच, फाटकाच्या दगडावर बसून, सगळं उलगडून सांगितलं. ‘‘सारिकाने हे तीन टेम्पो कामशेतकडून येताना मोजले. ओंकारसमोरून ते गेले नाहीत. तेव्हा कागदांकडे बघून कुणीही म्हणेल की ते फाट्यावरून आत वळले, चार नंबरवरून गेले असणार. पण ते इथेच थांबले. इथून पाऊण किलोमीटर वर बसलेल्या उमरला ते दिसायला मार्गच नाही. तरी ते त्याच्या कागदावर आहेत.’’

‘‘म्हंजे ज्यानं लिवलं...’’

‘‘त्याने गाड्या बघून नाही लिहिलं. तीन आणि पाच नंबरचे कागद समोर ठेवले आणि बेरीज जुळेल असे आकडे काढले. ते करायला दोन गोष्टी लागतात. हा हिशोब यायला हवा, आणि ते दोन्ही कागद बुधवारी संध्याकाळच्या आत हातात हवेत.’’

भिमाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पवनला यातलं एकही जमणार नव्हतं. रखमाजीला तर नाहीच.

‘‘असं कोन हाय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हिशोब येणारे कचेरीत आम्ही दोघंच,’’ परवीन म्हणाली. ‘‘आणि बुधवारी संध्याकाळी मी दवाखान्यात होते.’’

५

सारिका कामशेतच्या स्टेशनामागे राहायची. परवीनला दारात पाहून तिचा चेहरा पडला. बरोबर हवालदार पाहून ती खालीच बसली.

‘‘निलेश सर बुधवारी तुझ्याकडे किती वाजता आले?’’ परवीनने विचारलं.

‘‘दहाला. सकाळचे कागद घेतले आणि दहा-दहाला गेले. ओंकारकडे जातो म्हणाले.’’

‘‘परत तुझ्यासमोरून गेले?’’

‘‘नाही. एकदम बारानंतर, बातमी आल्यावर. आम्हाला सगळ्यांना तेच तिकडे घेऊन गेले आणि जाताना उरलेले कागदही मागून घेतले.’’

ओंकारला भिमाजींनी तिथूनच फोन केला. निलेश त्याच्याकडे अकरा-पाचला पोचला होता. दोघांनी चहा घेतला, भजी खाल्ली, आणि बारापर्यंत सर तिथेच बसून होते. सारिकापासून ओंकारपर्यंत गाडीने दहा मिनिटं लागतात. निलेशला पंचावन्न लागली होती.

‘‘अजून काही आहे, सारिका?’’ परवीनने विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता, आणि त्यानेच सारिका घाबरली असावी.

‘‘ताई, सोमवारी मोजणी झालीच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘सरांनी सगळ्यांना सुट्टी दिली. आकडे मी घरी भरतो म्हणाले, कुठेही बसून भरले तरी तेवढेच येतात. बुधवारी त्या कागदांवर सह्या करा, असं आधीच सांगून ठेवलं होतं. मी केली. ओंकारनेही केली.’’

‘‘आणि उमरने?’’

‘‘सकाळी भेटला तेव्हाच तो म्हणाला होता, मी नाही करणार. माझ्या आपाला खोटे आकडे चालत नाहीत.’’

परवीन उठली. बाहेर येऊन तिने चप्पल पायात घातली, ती उलटी घातली गेली हे तिला चार पावलांनी कळलं. तिने थांबून ती नीट घातली.

६

दुपारी तीनला कचेरीत तिघंच होते. निलेशने हवालदारांसाठी चहा मागवला. भिमाजींनी तो घेतला नाही.

परवीनने कागद त्याच्यासमोर ठेवला. ‘‘सर, हा तुम्हाला कुठे मिळाला?’’

‘‘सांगितलंय की मी. गर्दीत झुडपाशी पडला होता. उचलला आणि ठाण्यात दिला.’’

‘‘अकरा ते सव्वाअकराच्या ओळीत तीन टेम्पो आहेत. ते कुठे गेले?’’

‘‘बेडशात. दुसरं काय आहे तिकडे?’’

तिने वहीचा फोटो कागदाशेजारी ठेवला. निलेशने वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला.

‘‘दहा-दहाला तुम्ही सारिकाकडून निघालात. अकरा-पाचला ओंकारकडे पोचलात.’’

‘‘पेट्रोल भरायला कामशेतला गेलो होतो.’’

‘‘कामशेतला जायचं तर सारिकाच्या समोरून जावं लागतं, आणि यायचं तर परत तिच्या समोरूनच. ती खुर्चीतून उठलेली नाही. दोन्ही पॉइंटच्या मध्ये पंचेचाळीस मिनिटं घालवायला एकच रस्ता आहे, सर. बेडशाचा.’’ तिने बोट एका चौकटीवर ठेवलं. ‘‘सव्वादहा ते साडेदहा. एक कार आत. सव्वादहानंतरच्या ओळींत एवढीच रेघ खोल उमटलीय, पॅड मांडीवर ठेवून ओढल्यासारखी. बाकीच्या टेबलावरच्या आहेत. ही त्याने काढलीय. तुम्ही समोर आलात तेव्हा आधी त्याने तुम्हाला मोजलं.’’

निलेश टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

‘‘मी त्याला मारायला नव्हतो गेलो,’’ तो म्हणाला. ‘‘सही कर म्हणालो. तो नाही म्हणाला. माझं काम जाईल म्हणालो, तरी नाही. मी चिडून गाडीत बसलो आणि वळवायला जोरात मागे घेतली. तो खुर्चीकडे चालला होता. आरशात मला... मी बघितलंच नाही आरशात.’’

‘‘मग खाली उतरलात?’’

‘‘उतरलो.’’

‘‘जिवंत होता?’’

पंखा फिरत होता. भिमाजींची वही उघडीच होती.

‘‘पाणी मागत होता,’’ निलेश म्हणाला.

‘‘आणि तुम्ही कागद घेतलात.’’

त्याने मान खाली घातली. ‘‘मला वाटलं, कुणीतरी येईलच. गाड्या जातात तिथून.’’

‘‘पावणेबारापर्यंत ओळी भरल्या, तोपर्यंत त्याला कागदावर जिवंत ठेवला. तेव्हा तुम्ही ओंकारबरोबर होतात, म्हणून.’’

‘‘हो.’’

परवीनने कागद उचलून भिमाजींच्या हातात दिला, दोन बोटांत धरून, कोपरा दुमडू नये अशा बेताने. भिमाजी उठले. निलेशने जाताना खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती परत अडकवली.

ती एकटी राहिली तेव्हा तिने तक्ता उघडला. सोमवारचा सगळा दिवस काढून टाकला. चार नंबरच्या पुढे लिहिलं, ‘मोजणी सव्वादहापर्यंत.’ त्यानंतर बारा-दहापर्यंत त्या वळणावरून किती गाड्या गेल्या, हे कुठल्याही हिशोबाने निघणार नव्हतं. मोजणारा खाली मोरीत होता.

७

पवन सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुसगावला आला. पंचविशीतला, उन्हाने रापलेला. दिवा त्याचा आठवडाभर आधी कुसगावातच, एका हॉटेलच्या खांबावर आपटून फुटला होता; हे त्याने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. परवीनने त्याला ओट्यावर खुर्ची दिली. तो बसला नाही.

‘‘ताई, तुमच्यामुळं सुटलो,’’ तो म्हणाला. ‘‘ते सांगायलाच आलो होतो. पण एक विचारायचं हाय.’’

‘‘विचार.’’

‘‘मी अकरा-चाळीसला गेलो तिथून. खुर्ची रिकामी दिसली. मोरीत कायतरी निळं हाय असं वाटलं. म्हणलं, कुणाचं कापड उडालं असंल. जार पोचवायचे होते, थांबलो नाही.’’ तो जमिनीकडे बघत बोलत होता. ‘‘त्याचा शर्ट निळा होता म्हणे.’’

‘‘हो. निळा होता.’’

‘‘त्या वेळी तो होता का, ताई? मी थांबलो असतो तर?’’

आतून अम्मीच्या तस्बीहचे मणी सरकत असल्याचा बारीक आवाज येत होता. डॉक्टरांचा कागद परवीनला पाठ होता. सापडायच्या आधी एक ते दोन तास. म्हणजे दहा-दहापासून अकरा-दहापर्यंत कधीही. आणि डॉक्टरांनीच पुढे लिहिलं होतं की हा अंदाज आहे, कमी-जास्त होऊ शकतं. किती कमी, किती जास्त, हे त्यांनी लिहिलं नव्हतं.

‘‘दहा पन्नासला गेला तो,’’ परवीन म्हणाली.

पवनने मान वर केली. ‘‘नक्की?’’

‘‘दहा वाजून पन्नास मिनिटांनी. कागदावर आहे. तू गेलास तेव्हा सगळं संपलं होतं.’’

त्याच्या छातीतून श्वास सुटला तो तिला ऐकू आला. तो खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं, आणि थोड्या वेळाने उठून गेला. पिकअप चालू झाली, वळणापर्यंत दिसली, मग दिसेनाशी झाली.

दहा पन्नास हा आकडा कुठल्याच कागदावर नव्हता. अकरा वर्षांच्या नोकरीत तिने मनाने काढलेला तो पहिलाच आकडा होता. ती रिकाम्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि तो आकडा मनातल्या मनात पुन्हा म्हणू लागली. तिलाही तो खरा वाटायला हवा होता.